शंका-समाधान : पाण्यात बुडालेली विहीर

'आपल्या घराची कविता पाठवा' या आवाहनाला कविता आल्याच, पण त्याहून जास्त प्रश्न आले. त्यातली पुष्कळ पत्रं बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि मुरबाड या पट्ट्यातली आहेत आणि बहुतेकांत कुठे ना कुठे बारवी धरण आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या एका पाण्याभोवतीचं. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : लालबागची चाळ सुटली आणि आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला, त्याला आठ वर्षं झाली. पहाटेची गाडी पकडायची असते, म्हणून रात्रीच डब्याची तयारी करून ठेवते. रविवारी बाल्कनीत बसलं की चंदेरीचा डोंगर दिसतो. मी त्याच्यावर कविता लिहिली, 'बारवीचे अमृतजल' असाही उल्लेख केला. मैत्रीण म्हणाली, छान आहे, पण ही कुणीही लिहिली असती. असं का झालं?

उत्तर : ताई, मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. कवितेत चंदेरी आहे, ढग आहेत, हिरवा शालू आहे, पण त्या डोंगराचा आणि तुमचा काही संबंध आलेला दिसत नाही. तो संबंध तुमच्या पत्रात आहे. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर. पहाटे अंधारात निघायचं, रात्री अंधारात परतायचं. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस तुमच्या बाल्कनीसमोर डोंगर नसतोच, तो फक्त रविवारी असतो. ज्या घरासाठी कर्ज काढलं ते घर उजेडात एकच दिवस बघायला मिळतं, ही गोष्ट मी आजवर कुठल्या कवितेत वाचलेली नाही. ती तुम्हीच लिहू शकता, कारण ती तुमच्या वाट्याला आली आहे. शालू काढून टाका. सोमवार ते शनिवार लिहा.

दुसरं, पाण्याबद्दल. बदलापूरकरांच्या नळाला बहुतांश पाणी येतं ते उल्हास नदीवरच्या बॅरेजचं, जीवन प्राधिकरणाकडून. बारवी धरण एमआयडीसीचं आहे. त्याचं पाणी कारखान्यांना जातं, आणि उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई या शहरांनाही जातं. धरण तुमच्या शेजारचं, पाणी पुढच्या गावांचं. आणि लालबागच्या चाळीत तुम्ही जे पाणी भरत होता ते तानसा, वैतरणा, भातसाचं, म्हणजे शहापूरच्या बाजूच्या डोंगरांतलं, जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच. तेव्हा ठाण्याच्या जंगलाशी तुमची ओळख आठ वर्षांची नाही, जन्मापासूनची आहे. घराची कविता लिहिणाऱ्याने आपल्या नळाला पाणी कुठून येतं याची चौकशी एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं. ती केलीत की 'अमृतजल' हा शब्द आपोआप गळून पडेल.

प्रश्न : बारवीची उंची वाढवली तेव्हा आमचं गाव गेलं. प्रकल्पग्रस्त म्हणून मला एका महापालिकेत पाणीपुरवठा विभागात नोकरी मिळाली. कविता लिहिली आहे ती अशी :

गाव माझं गेलं पाण्याखाली
आठवणींचं झालं धरण
डोळ्यांमधून वाहत राहतं
हरवलेलं ते बालपण

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना आवडली. मला मात्र वाचताना काहीच होत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी आईला घेऊन जातो. घराचं जोतं उघडं पडलेलं असलं तरी आई तिकडे बघत नाही. जिथे विहीर होती तिकडे बघते आणि म्हणते, "पाण्यात विहीर बुडाली." कविता कशी सुधारू?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी इतर वाचकांसाठी थोडी माहिती देते, कारण ती तुमच्या कवितेच्या पोटात आहे.

बारवी धरण 1972 सालचं. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर हा औद्योगिक पट्टा वाढत होता, त्याला पाणी हवं होतं, म्हणून 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने बारवी नदी अडवली. पुढे शहरं फुगत गेली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. शेवटच्या वाढीत मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर, कोळे-वडखळ, मानिवली, सुकाळवाडी या गावपाड्यांवर पाणी आलं. मोबदला, पुनर्वसन आणि घरटी एक नोकरी यासाठी लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ज्या महापालिका-नगरपालिका हे पाणी घेतात त्यांनी आणि एमआयडीसीने प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या द्यायच्या, असं ठरलं. आता पाण्याची पातळी 72.60 मीटरला पोचली की धरण भरतं, साठा 338.84 दशलक्ष घनमीटर होतो आणि स्वयंचलित दरवाजांतून पाणी वाहू लागतं. दर पावसाळ्यात 'बारवी भरले' ही बातमी छापून येते, पाणीकपात टळली म्हणून शहरात लोक सुटकेचा श्वास टाकतात. त्याच दिवशी तुमच्या घराच्या जोत्यावर सर्वांत जास्त पाणी असतं.

आता कविता. चारही ओळी काढा. कठोर वाटेल, पण कारण सांगते. ज्याचं गाव खरोखर धरणाखाली आहे त्याने 'आठवणींचं धरण' म्हणू नये. ज्याने धरण फक्त सहलीला पाहिलं तोही ही प्रतिमा वापरतो, आणि त्याच्या हाती ती जशी वाटते तशीच तुमच्या हाती वाटते. तुमच्याकडे खरं धरण आहे. त्याला रूपक केलंत की ते हलकं होतं. डोळ्यांमधून वाहणाऱ्या पाण्याचंही तेच. तुमच्या कवितेत पाणी आधीच इतकं आहे की अश्रूंना जागा उरू नये.

तुमची पहिली ओळ तुमच्या आईने सांगून ठेवली आहे. "पाण्यात विहीर बुडाली." यात सगळं आलं. पिढ्यान्‌पिढ्या खाली वाकून, दोराने ओढून वर आणायचं ते पाणी कधीतरी माणसांच्या डोक्यावरून गेलं. पण हे मी लिहिलं ते तुम्ही कवितेत लिहू नका. आईचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, पुढच्या ओळीत त्याचा अर्थ सांगायला जाऊ नका. आई घराकडे का बघत नसेल, हेही उलगडू नका. ती बघत नाही, एवढंच पुरे.

मग पुढे काय लिहायचं? इथे एक काम सुचवते, ते आईच्या जवळ बसून करायचं. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो रिकामाच असतो, कारण कारभार गट क्रमांकावर चालतो. तुमच्याकडे जुना उतारा असेल तर तो घ्या आणि तो रकाना भरा. प्रत्येक खाचराला घरात काही ना काही नाव असतंच. कुणी मोहाच्या झाडावरून हाक मारतं, कुणी तिथे घडलेल्या गोष्टीवरून, कुणी ज्याच्याकडून ते घेतलं त्याच्या नावाने. दाढ कुठे टाकत होता, राब कुठे भाजत होता, वरकस जमिनीवर काय पेरत होता, भात निघाल्यावर वाल कुठल्या तुकड्यात लावत होता, ते विचारा. विहिरीवर पाणी भरायला कोण कुठल्या बाजूने येत असे, तेही. नावं सांगताना आई कुठे थांबते ते टिपून ठेवा. ही यादी तुमच्या कवितेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट असेल, कारण ही नावं लिहून ठेवलेली दुसरीकडे कुठेच नाहीत. आईनंतर ती कुणाला विचारणार?

कवितेला घाट हवा असेल तर तो आपल्याच कागदांत आहे. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, पश्चिमेस, उत्तरेस. चार कडवी मिळाली. चारही दिशांना 'पाणी' लिहिण्याचा मोह होईल. तो आवरा, ती सोपी वाट आहे. पूर्वेला कोण होतं, त्या घरच्यांशी बांधावरून भांडण होतं का, दक्षिणेच्या वाटेने पहिल्यांदा कोण शाळेत गेलं, हे येऊ द्या. माणसं इतकी येऊ द्या की पाणी न लिहिताच कळेल. दुसरा घाट पंचनाम्याचा. संपादनाच्या वेळी भिंती मोजल्या गेल्या, कौलं मोजली गेली, झाडं जातवार मोजली गेली. सरकारी भाषेतच यादी पुढे चालू ठेवा आणि मोजायची राहून गेलेली वस्तू तिच्यात घाला. 'बुडीत क्षेत्र', 'संपादित', 'प्रकल्पग्रस्त दाखला' हे शब्द कवितेत चालतात का, असा संकोच ठेवू नका. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' 1991 साली आली. धरणग्रस्तांवरची ती कादंबरी आवर्जून वाचा. कचेरीची भाषा माणसाच्या आयुष्यात शिरली की काय होतं ते तिच्यात दिसेल.

तुमच्या नोकरीबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिली आहे. तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले. आपल्या गावावरून आलेलं पाणी दुसऱ्यांच्या घरी पोचवायचं आणि 'पाणी कमी दाबाने येतं' ही तक्रार लिहून घ्यायची, असं काम तुमच्या वाट्याला आलं असेल तर त्यावर वेगळी कविता होईल. या कवितेत ती कोंबू नका. तिच्यात राग आला तर येऊ द्या. 1921 साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, त्याचं नेतृत्व करणारे सेनापती बापट स्वतः कविता लिहीत. धरण आणि मराठी कविता यांची सोयरीक शंभर वर्षांची आहे. त्याच मुळशी-मावळातल्या बायका जात्यावर ओव्या म्हणत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉईट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. त्या ओव्या रचणाऱ्या बायांनी कुठल्याही सदराला पत्र पाठवून विचारलं नव्हतं, मी लिहू का म्हणून. तुमची आई त्यांच्यातली आहे. तिचं वाक्य वापराल तेव्हा तिला वाचून दाखवा.

दुसरा खर्डा झाला की जरूर पाठवा. मी वाट पाहते.

प्रश्न : मी उल्हासनगरचा सिंधी. आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले, कॅम्प नंबर चारमध्ये राहिले. मी शिकलो मराठीत, लिहितो मराठीत. घरावर कविता लिहायला बसलो की प्रश्न पडतो, घर म्हणजे आजोबांनी सांगितलेलं, मी कधीही न पाहिलेलं गाव, की हा कॅम्प? आणि मराठीत लिहिणं म्हणजे आजोबांचं घर सोडून देणं होतं का?

उत्तर : तुम्ही सोडून देण्याची भाषा करता आहात, पण तुमचं पत्र वाचताना मला तुम्ही दोन्ही घट्ट धरलेलं दिसतं.

तुमच्या गावाचा इतिहास महाराष्ट्रातल्या इतर कुठल्या गावासारखा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी, त्यांत सुमारे एक लाख निर्वासित, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते झालेलं 'उल्हासनगर' हे नामकरण. आजोबांना मिळालेलं घर सैनिकाच्या मुक्कामासाठी बांधलेलं होतं, कुटुंबासाठी नव्हतं. माणसांनी ते घर कसं केलं, ही कविता आहे. बराकीतली खोली घरात कशी बदलली? पहिला ओटा कुणी घातला, पापड कुठे वाळत पडत, घरातलं कोण शेवटपर्यंत 'आपण परत जाऊ' म्हणत राहिलं? जे पाहिलं नाही ते गाव वर्णन करायला जाऊ नका. आजोबा ते सांगत असताना त्यांचे हात काय करत होते ते लिहा. ते तुम्ही पाहिलं आहे.

अंतरावरून घर लिहिण्याच्या दोन मराठी वाटा तुम्हाला दाखवते. सावरकरांनी 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्रालाच गळ घातली. केशवसुतांनी कोकणापासून दूर असताना नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याशी बोलणं केलं, कारण तो त्यांच्या मुलखावरून येत होता. दोघांनीही घराचं थेट वर्णन करण्याआधी घराकडून आलेली किंवा घराकडे जाऊ शकणारी एक वस्तू शोधली. तुमच्याकडे अशी वस्तू कोणती आहे? मला एक दिसते, पटली तर घ्या. झूलेलाल ही पाण्याची देवता, सिंधू नदीची. तिच्या नावाने चालिहोचे चाळीस दिवस पाळणारं तुमचं गाव सिंधूपासून इतकं लांब येऊन बारवीचं पाणी पितं. एका नदीच्या माणसांना दुसऱ्या नदीने सांभाळलं. आणि त्या दुसऱ्या नदीसाठी, वरच्या पत्रात आहे तसं, आणखी कुणी तरी आपलं गाव सोडलं. निर्वासिताच्या नातवाने विस्थापिताच्या आईला ओळखावं, तिला कवितेत एक ओळ द्यावी, ही अपेक्षा जास्त आहे का? मला वाटत नाही. घर गमावणं म्हणजे काय, ते तुमच्या घरात आधीपासून कळतं.

भाषेचं म्हणाल तर आजोबांचे दोन-चार सिंधी शब्द कवितेत तसेच राहू द्या. खाली अर्थ देऊ नका. संदर्भ नीट असला की मराठी वाचक ते ओळखतो.

प्रश्न : मी बारवीच्या जंगलपट्ट्यातल्या शाळेत शिक्षिका आहे. वर्गात ठाकर आणि कातकरी मुलं आहेत. 'माझे घर' वर चार ओळी लिहा म्हटलं की सगळ्यांच्या कवितेत लाल कौलांचं टुमदार घर, दारात रांगोळी, बाजूला फुलबाग. यातलं कुणाच्याच घरी नाही. काय करू?

उत्तर : बाई, मुलांनी पुस्तकातलं घर लिहिलं, कारण कवितेत तेच घर असतं असं आपण त्यांना इतकी वर्षं दाखवलं. त्यांच्या घराला कवितेत परवानगी आहे, हे आधी कळायला हवं. फळ्यावर 'घर' लिहू नका, त्याऐवजी विचारा: पाऊस आला की तुमच्या घरात आवाज कुठून येतो? झोपताना पाय कुठल्या दिशेला? सकाळी पहिल्यांदा कोण उठतं आणि उठून कशाला हात लावतं? उत्तरं बोलीत येतील. ती बोलीतच लिहून घ्या, शुद्धलेखन महिनाभर बाजूला ठेवा.

कातकरी मुलांच्या बाबतीत आणखी एक. त्यांच्यातली कित्येक कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांना दोन घरं आहेत, एक पाड्यावरचं आणि एक भट्टीवरचं. भट्टीवरचं घर कच्च्या विटा रचून उभं करतात, हंगाम संपला की मोडतात. ज्या विटा भाजून शहरात इमारती होतात, त्याच विटांच्या आडोशाला हे मूल झोपतं. हजेरीपटावर ते गैरहजर असतं. त्याने भट्टीवरचं घर लिहिलं तर 'हे नको, आनंदाचं काही लिही' असं कृपा करून म्हणू नका. पण दुःखाचंच लिही असंही सुचवू नका. त्याला तिथे कुत्र्याचं पिल्लू सापडलं असेल आणि त्याला तेच लिहायचं असेल.

मोठ्या मुलांना वाहरू सोनवणे यांच्या कविता वाचून दाखवा. भिली आणि मराठी, दोन्ही भाषांत लिहिणारा आदिवासी कवी आहे हे कळणंच त्यांना पुरेसं बळ देईल. बहिणाबाई चौधरींबद्दलही सांगा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरच्यांनी ऐकून लिहून ठेवलं म्हणून ते उरलं, आणि 1952 साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक झालं. ज्या मुलाला अजून नीट अक्षर काढता येत नाही त्याचं बोलणं तुम्ही लिहून घ्या. बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव यांनी आईसाठी केलं तेच काम आहे हे.

प्रश्न : घराची कविता वृत्तात असावी की मुक्तछंदात? यमक न जुळल्यास नापास का?

उत्तर : नापास कुणीच करत नाही. पण यमकासाठी घरात नसलेली वस्तू आणू नका. 'घर'ला जुळावं म्हणून 'सागर', 'निर्झर', 'मनोहर' धावून येतात, आणि अंबरनाथच्या दोन खोल्यांत एकदम समुद्र शिरतो. कानाला लय हवी असेल तर ओवी धरा. पहिले तीन चरण मोकळे, चौथा आखूड, यमकाची सक्ती सैल, आणि घरातल्या कामाशी तिची जुनी ओळख. आगरी घरांत लग्नाला धवलारीण धवले म्हणत असेल तर ती चाल एकदा नीट ऐका, तिच्यात शब्द बसवून पाहा. मुक्तछंद लिहायचा तर कवी अनिलांच्या कविता आधी वाचा, म्हणजे ओळ मनाला येईल तिथे तोडणं आणि श्वासाला तोडणं यांतला फरक कळेल. लिहून झालं की मोठ्याने वाचा. वाचताना जिथे तुम्हाला स्वतःचाच आवाज सभेत बोलल्यासारखा वाटेल ती ओळ पुन्हा लिहा.

कविता कागदाच्या एकाच बाजूला लिहून पाठवावी, आणि शेतांच्या, विहिरींच्या, वाटांच्या नावांची यादी केली असेल तर तीही सोबत जोडावी. यादी कवितेइतक्याच काळजीने वाचली जाईल.